म्हाताऱ्यांच्या घरचं इंटरनेट : वेग नंतर, दुरुस्ती आधी

पोरगं भोसरी-चाकणच्या कंपनीत, आई-वडील मळ्यातल्या घरात. ख्यालीखुशालीचा व्हिडिओ कॉल आणि योजनांचे अर्ज यासाठी घरी इंटरनेट हवे. पण वस्तीवर पर्याय दोन-तीनच.

पहिला फायबरचा. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ ची. पुढे ती 'भारतनेट' झाली. २०२३ च्या सुधारित योजनेत गावातल्याच उद्योजकामार्फत घरोघरी जोडणी द्यायचे ठरले. तेव्हा आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा, मग केबलवाल्याकडे.

दुसरा, टॉवरवरून चालणारा ५जी डबा. तार ओढावी लागत नाही. मात्र टॉवरची ताकद सगळ्यांत वाटली जाते. कामगारांच्या खोल्या दाट असतील तिथे संध्याकाळी सात ते दहा चालवून पाहा, मगच पैसे भरा.

तांब्याच्या तारेचा जुना फोन लाइट गेली तरी वाजायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून यायची. फायबरच्या डब्याला घरची वीज लागते. म्हणून डबा इन्व्हर्टरवर जोडा. साधा मोबाईलही चालू ठेवा. ओटीपी त्याच्यावरच येतो आणि अडीअडचणीला तोच उपयोगी पडतो.

व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुष्कळ. शंभराच्या जाहिरातीला भुलू नका, वर्षाचे पैसे एकदम भरू नका. तार तुटली तर कोण येणार आणि किती दिवसांत, हे शेजाऱ्याला विचारा. त्या माणसाचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. म्हाताऱ्या माणसाला तक्रारीचे ॲप जमत नाही; हाकेला येणारा माणूस लागतो.