मातीची मालगुजारी

ज्या जिल्ह्यात वैनगंगेच्या काठची जमीन धानाखेरीज दुसऱ्या पिकाचा विचार क्वचितच करते आणि जेथील चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले, त्या बालाघाटात मातीवाचून भाजी पिकविण्याची गोष्ट काढणे हे थोडेसे औद्धत्याचेच होय. तथापि आमच्या मागल्या पडवीत सध्या एक काळी बादली आहे, तिच्या झाकणाला पाडलेल्या भोकांत जाळीचे पेले बसविलेले आहेत, आणि त्या पेल्यांतून पालक चांगला तरारून आला आहे; आणि येणारा प्रत्येक पाहुणा झाकण उचलून ‘मुळे खातात तरी काय?’ असा प्रश्न केल्यावाचून राहत नाही.

या प्रश्नाचा निकाल १८६० च्या सुमारासच लागला होता. युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नॉप या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी पाण्यात मोजके क्षार विरघळवून रोपे वाढवून दाखविली, आणि वनस्पतीला माती नव्हे तर मातीतून पाण्यात उतरणारी द्रव्ये हवी असतात, हे निर्विवाद सिद्ध केले. पुढे क्षार जसजसे अधिक शुद्ध मिळू लागले, तसतशी अत्यल्प लागणाऱ्या द्रव्यांचीही ओळख पटली: मँगनीजची १९२२ साली आणि तांब्याची १९३१ साली. बालाघाटकराला ही दोन नावे निराळी सांगावयास नकोत. भरवेलीच्या खाणीतून पिढ्यान्‌पिढ्या मँगनीज निघते, मलाजखंडचा डोंगर तांब्यासाठी पोखरला गेला. आणि कॅलिफोर्नियाच्या होगलंड या शास्त्रज्ञाच्या प्रसिद्ध पोषकद्रावणाचे प्रमाण पाहावे, तर दहा लिटरच्या बादलीला मँगनीज लागते पाच मिलिग्रॅम आणि तांबे मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा! मात्र तेवढेही न मिळाले, तर कोवळी पाने शिरांमधून पिवळी पडू लागतात.

मग मातीचे काम तरी कोणते? आमच्या या प्रांतात ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी खालसा झाली. तोवर सरकार आणि रयत यांच्या दरम्यान मालगुजार उभा असे, वसूल तोच गोळा करी, प्रसंगी बियाणे तोच उसने देई, आणि दोन्ही पक्षांचे शिव्याशापही त्याच्याच वाट्याला येत. माती ही रोपाची तशीच मालगुजार आहे. खत अधिक पडले तर चिकणमाती आणि कुजलेला पाला ते धरून ठेवतात आणि गरजेप्रमाणे सोडतात. पाण्याची आम्लता एकाएकी चढू-उतरू देत नाहीत. कणांमधल्या पोकळ्यांतून मुळांना हवा पोहोचते. बादलीत हा मधला अंमलदार नाहीसा होतो, आणि त्याचे सारे दफ्तर गृहस्थाच्या गळ्यात येते. लोक जलशेतीला आळशाची शेती समजतात, ती त्यांची समजूत पहिल्याच पंधरवड्यात दुरुस्त होते.

बाजारात पोषकद्रव्यांच्या दोन बाटल्या मिळतात. त्या दोन का, ही शंका असेल त्याने दोहोंतले चमचा-चमचाभर द्रावण पाणी न घालता एका पेल्यात ओतून पाहावे: क्षणात ते दुधासारखे पांढरे होते आणि तळाशी गाळ बसतो. एका बाटलीतील कॅल्शियम आणि दुसरीतील सल्फेट-फॉस्फेट यांची गाठ पडून ते दगडासारखे अविद्राव्य होतात, आणि मग रोपाच्या मुखी काहीच लागत नाही. म्हणून आधी बादलीभर पाणी, त्यात एक बाटली, ढवळून झाल्यावर दुसरी, हा क्रम. आम्लतेचा अंक साडेपाच ते साडेसहा यांच्या आत राखावा. बोअरचे पाणी चुनखडीचे असेल तर तो वर चढतो आणि लोह असूनही रोपास मिळत नाही.

परंतु या गावी खरी अडचण क्षारांची नसून उन्हाळ्याची आहे. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना साडेसात. आणि वैशाखात आमच्याकडची बादली कोठवर तापते हे सांगण्याची गरज नाही. मुळे तपकिरी, बुळबुळीत होतात आणि नासल्या पाण्याचा वास येऊ लागतो. पाहुणे येथे धानाचा दाखला देतात, की बांधीतले धान नाही का महिनोन्‌महिने पाण्यात उभे राहत? राहते खरे, पण धानाच्या दांड्यात आणि मुळांत हवा खाली उतरण्यासाठी पोकळ नळ्या असतात, पालकाला ते ऐश्वर्य नाही. मत्स्यालयाचा पंप लावता येतो, पण वीज गेली की तो थांबतो. हवाई विद्यापीठाच्या क्रॅटकी यांची रीत मला त्याहून शहाणपणाची वाटते: पाणी जसजसे ओसरते तसतशी वर हवेची जागा उरते, तेथल्या मुळांना लव फुटते आणि तीच श्वासाचे काम करतात. बादली पुन्हा काठोकाठ भरण्याचा मोह मात्र आवरावा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गेरिके यांनी १९३० च्या दशकात या विद्येचा मोठा गाजावाजा केला, तेव्हा त्याच विद्यापीठाच्या होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ साली शांतपणे दाखवून दिले की, परिस्थिती सारखी असेल तर चांगली माती आणि चांगले द्रावण यांच्या उत्पन्नात म्हणण्यासारखा फरक नाही. मला हे मत आजही ग्राह्य वाटते. ज्याच्यापाशी परसू आहे त्याने बादलीच्या नादी लागू नये. ज्याच्यापाशी केवळ सज्जा आहे त्याने अवश्य लागावे, आणि खर्चाची धास्तीही धरू नये. आपल्या देशात शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगला १९४० च्या दशकात जी ‘बंगाल पद्धती’ बसविली, तिचा सारा भर स्वस्त, हाती येईल त्या खडी-वाळूवर होता. आमच्याकडे तर राइस मिलच्या दारात तुसांचे ढीग पडलेले असतात. ते तूस अर्धवट जाळून, धुऊन पेल्यात भरले की विकतच्या नारळभुशाचे काम भागते.

कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत पालक, मेथी, सालाद करावे. चैत्र लागला की बादली रिकामी करावी. उरलेले द्रावण मात्र नालीत सोडू नये, कारण त्यातले नत्र आणि स्फुरद अखेर वैनगंगेतच जाऊन शेवाळ माजविणार. त्यात दुप्पट पाणी घालून ते कुंडीतल्या कढीपत्त्याला द्यावे.