यादी एकीकडे, अक्षर भलतीकडे

मंडळी, परवा मालवणच्या घरी बसून एडिटरात मराठी टंकत होतो. शब्द सुचवणारी ती आगाऊ यादी अक्षरापाशी उघडायची सोडून पार उजवीकडे! पडद्याचं स्केलिंग १०० टक्के केलं, फाँट बदलला. ढिम्म! मग त्याच जागी इंग्रजी टंकलं, तर यादी शहाण्यासारखी जागेवर.

'सिंधुदुर्ग' आपण चार अक्षरांत वाचतो. युनिकोडमध्ये त्याचे घटक १०. हा एडिटर प्रत्येक घटकाला सारखीच रुंदी धरत असावा. पण उकार, अनुस्वार, रफार वेगळी जागा थोडीच अडवतात?

भाचा म्हणाला, "मामानू, इंग्रजीत लिवा मगे!" इथेच माझं डोकं फिरतं. देवनागरी युनिकोडमध्ये पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे. ती काही काल आलेली पाहुणी नव्हे. अक्षरं रेखाटणारी यंत्रणा शब्दाची खरी रुंदी सांगते. तिला न विचारता घटक मोजायचे, हा निव्वळ आळस. आणि आपण 'चालायचंच' म्हणत मराठी लिहिणंच सोडायचं?

तुमच्याकडेही असं होत असेल, तर एक शब्द आणि पडद्याचं चित्र जोडून बनवणाऱ्यांना कळवा. मी कळवलंय. तोवर यादी बंद, मराठी चालू!