किल्ली फिरवण्याआधी



पावसाळा आला की आपण धान्याचे डबे उंचावर ठेवतो, पापड-कुरडयांना हवा लागू देत नाही. गाडीचं मात्र “ते पुरुषांचं काम” म्हणून सोडून देतो. मला हे पटत नाही. गाडीचे हप्ते घरखर्चातूनच जातात, मग तिचं नुकसानही घराचंच.

सांगली-कोल्हापूरने २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर पाहिला, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाहिला. पाणी ओसरलं की पहिला मोह होतो तो गाडी चालू होते का बघण्याचा. घात तिथेच होतो. इंजिनात पिस्टन हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. आत पाणी असताना किल्ली फिरवली की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. उभ्या गाडीत शिरलेलं पाणी वेळेत काढलं, तर इंजिन वाचण्याची बरीच आशा असते.

आता हिशोबाची बाजू. मी कॉमर्सची, त्यामुळे पॉलिसीची बारीक अक्षरं वाचायची सवय आहे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीसाठी काहीच मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात पुराचं नुकसान येतं. पण नंतर गाडी चालू केल्यामुळे इंजिन गेलं, तर कंपनी ते ‘परिणामी नुकसान’ म्हणून सहसा नाकारते. ‘झीरो डेप’वरही विसंबू नका, ते सुट्या भागांच्या घसाऱ्यापुरतं असतं. इंजिनासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं. त्याच्याही अटी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, त्या आधी वाचा.

गाडी बुडालीच तर किल्ली नको, किक नको, धक्का मारून चालू करणंही नको. बॅटरीची तार मेकॅनिककडून काढून घ्या. पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला लगेच कळवा आणि गाडी उचलून गॅरेजला न्या. तिथे प्लग किंवा इंजेक्टर काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढतात; ऑइल आणि फिल्टर बदलतात. ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे असं समजा. मात्र आठवडे घालवू नका, आत गंज धरतो.

“टेम्पोवर पोट आहे, थांबून कसं चालेल?” असं कुणी म्हणेल. प्रश्न खरा आहे. पण चार दिवसांची कमाई बुडणं आणि इंजिनच नव्याने बांधावं लागणं, हे आकडे शेजारी मांडून पाहा. हातावर पोट असणाऱ्यालाच दुसरा आकडा परवडत नाही.

चातुर्मासात आपले मुनिमहाराज जीवदयेसाठी विहार थांबवतात. आपल्याला तेवढं जमत नाही, पण रस्त्यावर पाणी असताना गाडी न काढणं तर जमेल? आणि आज दुपारी कपाटातली पॉलिसी काढून ‘इंजिन’ हा शब्द त्यात आहे का, तेवढं नक्की बघा.