पडदा काळा, वही शाबूत

मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या विंडोज प्रणालीची मासिक सुधारणा, म्हणजे रोजच्या बोलीतले ‘अपडेट’, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. अमेरिकेत तेव्हा दिवस असतो आणि भारतात रात्र. म्हणून पेढीवरच्या संगणकात ते बहुधा बुधवारी किंवा त्यापुढच्या काही दिवसांत उतरते. दुसरा मंगळवार ८ ते १४ या तारखांच्या बाहेर कधी जात नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याची जीएसटीआर-१ ची मुदत असते ११ तारखेची. अपडेटनंतर संगणकाचा पडदा काळा होण्याचा प्रसंग नेमका घाईच्या दिवशीच का ओढवतो, याचे उत्तर नशिबात नसून दिनदर्शिकेत आहे.

प्रसंग साधारण असा घडतो. मुनीमजी सकाळी यंत्र सुरू करतात, संगणक बनवणाऱ्या कंपनीचे बोधचिन्ह उमटते, ठिपक्यांचे वर्तुळ फिरते आणि त्यानंतर काळोख. पंखा चालू, की-बोर्डवरचा दिवा चालू. पडद्यावर मात्र काही नाही, फार तर माउसचा पांढरा बाण एकटाच फिरत असतो. काउंटरपाशी बिलासाठी गिऱ्हाईक उभे असते, शेटजी आतून दोनदा विचारून जातात, आणि शेजारच्या गाळ्यातला कोणी तरुण येऊन निदान करतो, “विंडोज उडाले, फॉरमॅट मारावे लागेल.” या साऱ्या प्रकरणात पेढीचे खरे नुकसान करणारी गोष्ट काळा पडदा नव्हे, ती म्हणजे हे वाक्य.

कर्मग्रंथांत आठ कर्मांना आठ उपमा दिलेल्या आहेत. त्यांत ज्ञानावरणीय कर्माला उपमा आहे पटाची, म्हणजे वस्त्राची. वस्त्र आड आले की समोरचे दिसेनासे होते. समोरचे नाहीसे होत नाही. अपडेटनंतरच्या काळ्या पडद्याला ही उपमा जशीच्या तशी लागू पडते. खतावणी, बिले, मालसाठा, येणे-देणे हे सारे डिस्कवर लिहिलेले असते. ते डोळ्यांना दाखवण्याचे काम ग्राफिक्स चिपचे, आणि त्या चिपशी विंडोजचे बोलणे करून देणारा दुभाषी म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर. अपडेटमुळे विंडोज नवी झाली आणि दुभाषी जुनाच राहिला, किंवा अपडेटबरोबर आलेला नवा दुभाषी त्या यंत्राला मानवला नाही, की चित्र थांबते. सुरुवातीचे बोधचिन्ह मात्र दिसते, कारण ते यंत्राच्या मूळ फर्मवेअरने या दुभाष्याची मदत न घेता काढलेले असते. म्हणूनच बोधचिन्ह दिसले की मॉनिटर आणि केबल ठीक आहेत, एवढे तरी खात्रीने समजावे आणि नवा मॉनिटर आणायला कोणाला धाडू नये.

पहिला उपाय म्हणजे थांबणे. पुष्कळदा अपडेट पूर्ण झालेलेच नसते आणि काळ्या पडद्यामागे काम चालू असते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर अर्धा-पाऊण तास वाट पाहावी. याच वेळी वीज तोडली तर किरकोळ बिघाडाचा मोठा बिघाड होतो. उतावीळ मालकासाठी हा उपाय सर्वांत कठीण असतो, हे वेगळे सांगायला नको.

तेवढ्या अवधीत यंत्राच्या मागची बाजू पाहून घ्यावी. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असते, त्याच्या मागे मॉनिटरची केबल लावण्याच्या जागा दोन ठिकाणी असतात, एक मदरबोर्डवर आणि एक कार्डावर. केबल कार्डाच्या जागेतच हवी. दुकानात दुसरा पडदा किंवा टीव्ही जोडलेला असेल, तर चित्र तिकडे गेले असण्याचाही संभव असतो. विंडोजचे बटण आणि ‘पी’ एकत्र दाबले की चित्र कोठे दाखवायचे याचे पर्याय उघडतात.

यानंतरचा उपाय फार थोड्यांना ठाऊक आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ ही चार बटणे एकदम दाबावीत. बीप असा आवाज होतो, पडदा क्षणभर लुकलुकतो आणि डिस्प्ले ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडे असलेले काम यात जात नाही. पडद्यावर नुसता बाण फिरत असेल, तर दुभाषी बहुधा शुद्धीवर आहे आणि केवळ टेबल मांडलेले नाही, असे समजावे. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा, त्यात नवे काम चालवण्याचा पर्याय घेऊन ‘एक्सप्लोरर’ असे इंग्रजीत टाइप करावे. खालची पट्टी आणि चिन्हे परत येतात. अनेक पेढ्यांचा खोळंबा इथेच संपतो.

इतके करूनही काळोख राहिला तर ‘सेफ मोड’कडे वळावे. यंत्र सुरू करून बोधचिन्हानंतर वर्तुळ फिरू लागताच पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे आणि यंत्र बंद करावे. असे लागोपाठ दोन-तीनदा केले की विंडोज स्वतःच ओळखते की काही बिनसले आहे, आणि दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. तेथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या मार्गाने जाऊन यंत्र पुन्हा सुरू करावे आणि येणाऱ्या यादीतून ४ हा आकडा दाबावा. सेफ मोडमध्ये विंडोज त्या रुसलेल्या दुभाष्याला बाजूला ठेवून स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर चित्र काढते. अक्षरे मोठी आणि ओबडधोबड दिसतात, पण दिसतात. ती दिसली म्हणजे यंत्र निरोगी असून दोष ड्रायव्हरचा आहे, हे जवळजवळ सिद्ध झाले.

येथे दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक काम उरकावे: पेन ड्राइव्ह लावून हिशेबाची नक्कल काढावी. टॅलीचा डेटा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये शोधून सापडत नाही. तो ‘डेटा’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतो आणि त्यात प्रत्येक फर्मचे फोल्डर नावाने नव्हे, तर आकड्याने ओळखले जाते. अनोळखी कारागिराला ते आकडे निरर्थक कचरा वाटतात, आणि फॉरमॅटच्या आधी ‘सगळा डेटा काढून घेतला’ असे तो प्रामाणिकपणे सांगतो, तेव्हा त्यात फोटो आणि लग्नपत्रिका असतात, वही नसते. म्हणून ते संपूर्ण ‘डेटा’ फोल्डरच उचलावे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची असतात. एका घाईच्या दुपारी त्यांतली कित्येक वर्षे पुसली जाऊ शकतात. पोर्टलवर भरलेली विवरणपत्रे आणि यूएसबी टोकनमधली डिजिटल सही मात्र संगणकाच्या बाहेर असल्याने सुरक्षित राहतात.

नक्कल हाती आल्यावर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. ‘डिस्प्ले अॅडॅप्टर्स’खाली चिपचे नाव असते, त्याच्या गुणधर्मांत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण चालू दिसले, तर ते दाबावे आणि जुना दुभाषी कामावर परत घ्यावा. बटण फिकट असेल तर ड्रायव्हर काढून टाकावा व यंत्र पुन्हा सुरू करावे. विंडोज स्वतः दुसरा शोधून बसवते. लॅपटॉपसाठी तो बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर अधिक भरवशाचा. एवढ्यानेही भागले नाही तर त्याच निळ्या पडद्यातून शेवटचे अपडेट उतरवता येते. मासिक अपडेट असेल तर काम सोपे; विंडोजची पूर्ण नवी आवृत्तीच आली असेल तर माघारी जाण्याची मुभा साधारणपणे पहिले दहा दिवसच असते. पेढीवर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली असेल, तर यंत्र सुरू होताना ग्रबच्या सूचीतून आधीचे कर्नेल निवडले की बहुधा चित्र परत येते, कारण अपडेटनंतरही जुने कर्नेल तेथे ठेवलेले असते.

या वाटेवर एक द्वारपाल उभा असतो आणि त्याची ओळख बहुतेकांना अडचणीच्या दिवशीच होते. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्क कूटबद्ध केलेली असते. तिचे नाव बिटलॉकर. सेफ मोडकडे जाऊ लागताच ते ४८ अंकांची किल्ली मागते, आणि ती नसेल तर मालकालाही आत घेत नाही. आठ उपमांमधला आठवा, अंतराय कर्माचा भांडारी, तो हाच. राजाने द्यायला सांगितले तरी भांडारी देत नाही. संपत्ती राजाचीच, पण हात रिकामे. ही किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या खात्यात जमा असते. ते खाते कधी पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याचे असते, कधी लॅपटॉप विकणाऱ्याचे, तर कधी नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनिसाचे. आज यंत्र नीट चालू असताना ते खाते उघडून किल्ली कागदावर उतरवावी व तिजोरीत ठेवावी. लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये.

१९ जुलै २०२४ रोजी जगाने हाच धडा मोठ्या प्रमाणावर पाहिला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले; भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तेथे पडदा काळा नव्हता, निळा होता, पण आतला डेटा शाबूतच होता. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसली की यंत्र जागे होत असे. ज्यांच्याकडे बिटलॉकरच्या किल्ल्या लिहून ठेवलेल्या होत्या त्यांचे काम लवकर झाले, बाकीच्यांचे रखडले.

नक्कल ठेवण्याची सवय जैन समाजाला नवी शिकवावी लागावी, हे खरे तर नवलच. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीत जपली गेली, पण ती प्रामुख्याने दर्शनापुरती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्या श्रावकांच्या प्रयत्नांनी त्यांची नक्कल सुरू झाली, आणि १९३९ मध्ये डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला. ज्या व्यापाऱ्यांनी शास्त्रासाठी हे केले, त्यांच्याच वारसांच्या पेढ्यांवर आज वहीची एकच प्रत एकाच डिस्कवर असते. दिगंबर परंपरेत श्रुतपंचमीला आणि श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमीला ग्रंथ बाहेर काढून झटकले-पुसले जातात. त्याच दिवशी बॅकअपचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकात उघडून पाहायला हरकत नाही. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली रोकड.

अपडेट कायमचे बंद करण्याचा सल्ला काही जाणकार देतात. तो घेऊ नये. चोरट्यांच्या वाटा बुजवण्याचे काम याच अपडेटने होते. त्याऐवजी विंडोज अपडेटच्या सेटिंग्जमध्ये विराम देण्याची सोय आहे, ती वापरावी. विंडोज ११ मध्ये हा विराम पाच आठवड्यांपर्यंत वाढवता येतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विराम लावावा. दरमहा भरणाऱ्यांचे २० तारखेचे जीएसटीआर-३बी भरून झाले की साप्ताहिक सुटीच्या आदल्या संध्याकाळी बॅकअप घ्यावा आणि पेढी वाढवताना विराम उठवावा. यंत्राला रात्र मिळते, आणि काही बिनसलेच तर सुटीचा अख्खा दिवस हाताशी असतो.