दस्तुरीच्या पावतीचा हिशेब

माथेरानला जायचं तर गाडी दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते. तिथे नगरपरिषदेचा प्रवासी कर भरायचा, पावती घ्यायची आणि लाल मातीच्या वाटेला लागायचं. २०११च्या जनगणनेत या गावाची वस्ती साडेचार हजारांच्या आत होती. एवढ्याशा गावाच्या घरपट्टी-पाणीपट्टीवर लाखो पाहुण्यांच्या उठबसीचा खर्च निघणार नाही, हे उघड आहे. प्रवासी कर हवाच. प्रश्न आहे तो कशावर खर्च करायचा याचा.

एक बाजू म्हणते, पर्यटक वाढतील असं काहीतरी करा: पॉइंटांवर रोषणाई, महोत्सव, जाहिराती. दुसरी म्हणते, पैसा नगरपरिषदेच्या तिजोरीत जाऊ द्या, गरज पडेल तिथे वापरू. मला दोन्ही पटत नाही. मुंबई-पुण्याच्या दरम्यान असलेल्या माथेरानला गर्दी कमी पडलेली नाही. आणि तिजोरीत मिसळलेला पैसा कुठे गेला, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. पाहुण्यांच्या येण्याने जे झिजतं, या करावर पहिला हक्क त्याचा असला पाहिजे.

सगळ्यांत जास्त झिजते ती माती. पावसाळा सरल्यावर वाटेकडेच्या झाडांची मुळं बघा. मनगटाएवढी मुळं उघडी पडलेली दिसतात, कारण त्यांच्या भोवतालची माती पावसाबरोबर दरीत गेलेली असते. माणसांच्या पायांनी, घोड्यांच्या टापांनी भुसभुशीत झालेली वाट पहिल्याच मोठ्या सरीत वाहू लागते. २००३मध्ये केंद्राने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं, ते या माती-झाडांसाठीच. या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवायचे की नाही, हा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ब्लॉकवरून घोडे घसरतात, असं अश्वपालक सांगत राहिले. अखेर न्यायालयाने दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यालाच ब्लॉकची मुभा दिली; आतल्या वाटा मातीच्याच राहणार. मग त्या वाटांना दरवर्षी दगडी बांध घालणं, चर काढणं, पाण्याला वळण देणं आलंच. या कामाची फीत कापायला कुणी येत नाही, म्हणून ते मागे पडतं. प्रवासी कराचा मोठा वाटा इथेच जायला हवा.

त्यानंतर माणसं. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा देण्याची योजना राज्याने करावी आणि निधी नाही ही सबब चालणार नाही, असंही बजावलं. रिक्षा मिळाल्यावरही बॅटरी, चार्जिंग, चढावर झिजणारे टायर हे खर्च राहतातच. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहुण्यांना स्वतःच्या खांद्यांच्या बळावर वर नेलं, त्यांच्यावर हा बोजा टाकू नये. त्यातला काही भाग प्रवासी करातून उचलला, तर तो काही उपकार नाही.

डोंगराच्या उतारावरच्या आदिवासी वाड्यांचा विषय मात्र नगरपरिषदेच्या सभागृहात क्वचितच निघतो. तिथली माणसं रोज पहाटे चढून माथ्यावर येतात, हॉटेलांत राबतात, ओझी वाहतात आणि संध्याकाळी उतरून जातात. आजारी माणसाला अजूनही डोली करून खाली न्यावं लागतं. पर्यटनाचा गाडा त्यांच्या कष्टावर चालतो, पण वाड्या नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, म्हणून कराचा रुपया त्यांच्याकडे वळत नाही. हद्दीची अडचण मला कळते. पण त्या अडचणीपायी विषयच सोडून देणं मला मान्य नाही. नगरपरिषद आणि जिल्हा परिषदेने एकत्र बसून या वाड्यांच्या पायवाटा आणि पाण्यासाठी कराचा ठरावीक हिस्सा बाजूला काढावा, त्यासाठी शासनाची परवानगी लागली तर ती मागावी.

स्पेनच्या बॅलेरिक बेटांनी २०१६मध्ये पर्यटकांवर कर बसवला, तेव्हा पैसा कोणत्या कामांना जाईल हे कायद्यातच लिहिलं. निसर्गरक्षणाचा त्यात समावेश आहे. आपल्याकडेही ठरावाने हे करता येईल.

शेवटचा खर्च खुद्द नाक्यावरचा. मार्च २०२५मध्ये, दस्तुरीवर पर्यटकांची फसवणूक होते म्हणून माथेरानकरांनीच बंद पुकारला होता. ज्या नाक्यावर आपण पाहुण्याकडून कर घेतो, तिथेच त्याला खोटी माहिती मिळत असेल तर ती गावाची नामुष्की आहे. घोडा, हमाल, रिक्षा यांच्या दरांचा ठळक फलक, माहिती देणारा माणूस आणि स्वच्छ शौचालय यांना फार पैसा लागत नाही.

येत्या अर्थसंकल्पीय सभेत नगरसेवकांनी प्रवासी कराचं खातं वेगळं करावं. दर तीन महिन्यांनी जमा किती, मातीच्या वाटांवर किती, रिक्षावाल्यांसाठी किती, वाड्यांसाठी किती, हे दस्तुरीच्या खिडकीशेजारी मराठीत लिहून लावावं.