नोंदवही जपावी, तशी तिची जागाही

संगणक आपल्या कामाची दैनंदिनी अहोरात्र लिहीत असतो. तिला ‘लॉग फाइल’ म्हणतात. ही वही फुगली की जुनी बाजूस ठेवून नवी उघडावी लागते. लिनक्स प्रणालीत हे काम बहुधा ‘लॉगरोटेट’ हा प्रोग्रॅम करतो, आणि सामान्यतः तो ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने चालतो.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. फाइलीची परवानगी निराळी आणि ती ज्या फोल्डरमध्ये असते त्याची निराळी. फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा असलेला मनुष्य आतील फाइलीवर कोणताही हक्क नसताना सामान्यतः ती काढून टाकू शकतो आणि तिच्या जागी भलत्याच ठिकाणी नेणारा दुवा ठेवू शकतो. सर्वाधिकारी प्रोग्रॅम त्या दुव्यामागे गेला, की निषिद्ध स्थळी लेखन होते.

हे भय काल्पनिक नव्हे. २०१६ साली डेबियन व उबुंटू यांच्या ‘एन्जिनएक्स’ या वेब सर्व्हरच्या पॅकेजांत असाच दोष उघडकीस आला. नोंदींचे फोल्डर वेबसेवेच्या दुय्यम खात्याच्या मालकीचे होते. त्या खात्यात शिरलेल्यास नोंदवहीच्या जागी दुवा ठेवता येई. वही बदलताना सर्व्हर तो रूटच्या अधिकाराने उघडी आणि सर्व यंत्र हल्लेखोराच्या हाती जाऊ शके. पुढे हा दोष दुरुस्त झाला.

तरीही अडचण आली की सर्वांना सर्व मुभा देणारा ‘७७७’ हा आकडा लिहून मोकळे होण्याची सवय सुटत नाही. ‘आमच्या यंत्रावर परका कोण येणार?’ असे म्हणतात. परंतु परका येतो तो बहुधा एखाद्या सदोष प्रोग्रॅमच्या दारातून, त्याच दुय्यम खात्याच्या वेषात. फोल्डर सर्वांस खुले दिसल्यास लॉगरोटेट आज वही बदलण्यास नकार देतो. मात्र मालकी दुय्यम खात्याकडे असेल, तर ही तपासणी त्याला अडवीत नाही.

म्हणून फोल्डर रूटच्याच मालकीचे असावे व इतरांस तेथे लिहिता येऊ नये. ते शक्य नसल्यास वही बदलण्याचे काम त्या दुय्यम खात्याच्याच अधिकाराने करवावे. चोरी झाल्यावर नोंदवही हीच साक्षीदार असते. साक्षीदारास चोराच्या हवाली करणे ही सोय नव्हे, हयगय होय.