शाळेचा निकाल कोणी लावायचा?

दहावीचा निकाल लागला की आपल्या भागातल्या आश्रमशाळांच्या फळ्यावर खडूने टक्के लिहिले जातात. प्रकल्प कार्यालयात कागद जातो, साहेब खूश होतात, मुख्याध्यापकांच्या गळ्यात हार पडतो. पाड्यावर बातमी येते, आपली शाळा चांगली. आणि जिथे टक्का कमी लागला तिथे लोक म्हणतात, मास्तर कामाचे नाय, पोरगं घरी आणा, निदान वीटभट्टीवर चार पैसे तरी मिळवील.

आमचं म्हणणं असं आहे की या दोन्ही गावांनी शाळेची मोजणी केलेलीच नाही. शाळेने आपली मोजणी आपणच केली आणि आपण ती खरी धरली. फॉरेस्टवाल्यांनी एकट्यांनी केलेली प्लॉटची मोजणी आपण कधी खरी धरतो का? मग पोरांच्या बाबतीत का धरायची?

टक्का कशाचा?

टक्का काढतात तो परीक्षेला बसलेल्या पोरांवर. जी बसलीच नाहीत ती त्या हिशोबात येत नाहीत. एक साधं गणित मांडून बघू.

समजा, एका शाळेत पाचवीला ६० पोरं-पोरी होती. आठवीपर्यंत ४० राहिली. नववीत बरीच नापास केली आणि दहावीला बसली फक्त १५. त्यातली १२ पास झाली. निकाल ८० टक्के. शाळेचं नाव झालं.

आता दुसरी शाळा. तिथेही पाचवीला ६०. पण तिथल्या मास्तरांनी पोरं धरून ठेवली, दहावीला ४५ बसली. त्यातली १८ पास झाली. निकाल ४० टक्के. शाळा बदनाम.

खरं बघितलं तर पहिल्या शाळेने ६० पैकी १२ पोरं पार नेली, दुसरीने १८. शिवाय दुसऱ्या शाळेतली जी २७ नापास झाली ती दहावीपर्यंत शिकलेली आहेत, पुन्हा परीक्षेला बसू शकतात. पहिल्या शाळेतली ४५ दहावीच्या वर्गात पोचलीच नाहीत. मग चांगली शाळा कोणती?

हे गणित आम्ही उगाच मांडलेलं नाही. कच्चं पोर नववीत गाळायचं, म्हणजे दहावीचा निकाल चांगला दिसतो, ही रीत शाळाशाळांतून माहीत आहे. नाहीतर त्याला सांगायचं, तू सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बस. ते नापास झालं तरी त्याचा डाग शाळेला लागत नाही. पोराला मात्र लागतो.

नाव कमी केलं

शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. पोराचं नाव, जात, जन्मतारीख, कधी दाखल झालं, कधी सोडलं, कोणत्या इयत्तेतून आणि का सोडलं, हे सगळं त्यात असतं. जे पोर मधूनच गेलं त्याच्या नावापुढे बहुतेक वेळा एकच कारण सापडतं. सतत गैरहजर, म्हणून नाव कमी केले.

‘नाव कमी केले’ हे शब्द आपल्याला नवे नाहीत. फेरफारात हेच लिहून आपल्या आज्यांची नावं जमिनीवरून गेली. १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झालं असं कायदा सांगतो. पण कसणाऱ्याचं नाव कागदावर नव्हतं, नाहीतर होतं ते तलाठ्याकडून कमी करून घेतलेलं होतं. म्हातारा शेतात राबत होता आणि कागदात तो नव्हताच. आज त्याचा नातू शाळेच्या कागदातून जातो. तेव्हाही आपल्याला कोणी विचारलं नाही, आजही विचारत नाही.

सतत गैरहजर हे काही कारण नव्हे. ते का गैरहजर होतं ते कारण. एखादं आवणीला घरी आलं आणि परत गेलंच नाही. एखादं दिवाळीनंतर आईबापाबरोबर भट्टीवर, रेतीवर, गवत कापायला गेलं. एखाद्याच्या अंगावर खरूज होती, ताप होता, औषध मिळालं नाही. एखाद्याला मार बसला. एखादी पोर रात्री घाबरत होती आणि तिने कोणाला सांगितलं नाही. ही सगळी वेगवेगळी कारणं आहेत आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. रजिस्टरात मात्र सगळ्यांपुढे एकच ओळ.

मास्तर म्हणतात, तुम्ही लोक दिवाळीनंतर जगायला जाता, पोरं घेऊन जाता, आम्ही काय करायचं? याचं उत्तर आपल्याकडे पाहिजे. आपण हौसेने जात नाही. वरकस जमिनीवरची नागली-वरई दिवाळीपुढे पुरत नाही, म्हणून जातो. आणि सरकारने आश्रमशाळा काढली ती कशासाठी? आईबाप बाहेर असताना पोराला राहायला जागा, जेवण आणि शिक्षण मिळावं म्हणूनच ना? मग जी आश्रमशाळा दिवाळीनंतर रिकामी होते ती स्वतःच्याच कामात नापास झालेली आहे. तिथे पोराला राहावंसं का वाटत नाही, हे तिला विचारायला पाहिजे.

आपण काय बघायचं

काही लोक म्हणतात, आपण अडाणी, आपल्याला शाळेतलं काय कळतं. शेताच्या बांधावरून पीक कसं आहे ते कळतं, तसंच हेही कळतं. फक्त बघायला जावं लागतं. गणवेश आणि वह्या वाटायच्या दिवशी नाही, आधी न सांगता.

१. दिवाळीच्या आधी वर्गात किती पोरं होती आणि होळीला किती आहेत? हजेरीपटावरची पोरं आणि जेवणाच्या पंगतीतली पोरं सारखी आहेत का? पंगत आपल्याला मोजता येते, त्याला अक्षर लागत नाही.

२. गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे मास्तर आहेत का, आणि कोणत्या महिन्यापासून आहेत? दहावीला जानेवारीत मास्तर आला तर त्याने काय शिकवायचं? या तीन विषयांतच आपली पोरं जातात. ३५ मार्कांना अडतात ती इथेच.

३. पोराची वही उघडून बघा. लाल शाई आहे का? महिन्याच्या महिन्याला आहे, की एकाच दिवशी सगळ्या पानांवर सह्या मारल्या आहेत? ज्या आईला वाचता येत नाही तिलाही लाल शाई ओळखता येते.

४. रात्री शाळेत कोण असतं? अधीक्षक मुक्कामी असतो की तालुक्याच्या गावी? मुलींकडे अधीक्षिका आहे का? संडासाला दार आणि पाणी आहे का? दिवा आहे का? मोठ्या झालेल्या मुली आठवी-नववीतून घरी का येतात याचं उत्तर पुष्कळदा इथेच मिळतं.

५. आजारी पोराला दवाखान्यात कोण नेतं, आणि घरी निरोप किती दिवसांनी येतो?

६. घरी वारली, कातकरी, कोकणी बोलणारं पोर वर्गात बोलतं का? की हसतील म्हणून गप्प बसतं? जे पोर पाचवीत बोलत होतं आणि आठवीत बोलायचं बंद झालं, त्याचं शिक्षण पुढे गेलं नाही, मागे गेलं.

शिकलेल्या पोराला काय यायला पाहिजे

दहावी झालेल्या पोराची परीक्षा बोर्ड घेतं. गावानेही घ्यावी. त्याला लाजवायला नाही, शाळेला तपासायला.

त्याच्या हातात सातबारा द्या. नमुना सात कोणता, बारा कोणता, मालकाचं नाव कुठे, इतर हक्कात काय लिहिलंय, ते त्याने सांगावं. क्षेत्राच्या रकान्यात ०.८० असं लिहिलेलं असतं. ते ऐकून म्हातारा म्हणतो, अरे, एक एकरसुद्धा नाय? पण तो आकडा हेक्टरचा आहे. ८० आर म्हणजे जवळजवळ ७९ गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर धरला तर दोन एकराला एक गुंठा कमी. दशांश अपूर्णांक शिकलेल्या पोराला एवढं यायलाच पाहिजे. नाही आलं तर आज्याची अर्धी जमीन तोंडी हिशोबातच जाते.

त्याला रोजगार हमीच्या कामावर न्या. १० फूट लांब, १० फूट रुंद, १ फूट खोल खोदलं म्हणजे १०० घनफूट, एक ब्रास. घनफळ पुस्तकात शिकवतात. पण मोजमाप पुस्तकात साहेबाने काय लिहिलं आणि मस्टरवर किती मजुरी लागली, हे ताडून बघणारं पोर किती गावांत आहे? पोराला उदाहरण सोडवता येतं आणि आईच्या मजुरीचा खड्डा मोजता येत नाही, असं असेल तर ते गणित त्याला शिकवलंच नाही, पाठ करून घेतलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. काही भले लोक म्हणतात, आदिवासी मुलांना बीजगणित आणि इंग्रजी कशाला, त्यांना शेती, बांबूकाम शिकवा, ते त्यांच्या कामाचं आहे. आठवी ते दहावीच्या आश्रमशाळेला सरकारी कागदात ‘पोस्ट बेसिक’ म्हणतात, त्या नावामागेही हाताने काम करून शिकण्याचा विचार आहे. हाताच्या कामाची आम्हाला लाज नाही. पण बांबूकाम आपल्या घरात शिकता येतं. बीजगणित घरात नाही, ते शाळेनेच द्यायचं आहे. सातबारा वाचता आला पाहिजे आणि अकरावी सायन्सलाही जाता आलं पाहिजे. आपल्या नावाच्या राखीव जागा रिकाम्या राहतात आणि मग खोटे दाखले काढून भलतेच लोक त्यावर बसतात. त्या जागांपर्यंत जायची वाट गणित-विज्ञानाच्या वर्गातून जाते, आणि त्याच वर्गात मास्तर नसतो.

मास्तर आपला शत्रू नाही

हे वाचून कोणी उठून शाळेवर भांडायला जाऊ नये. दिवसा वर्ग, सकाळ-संध्याकाळ जेवण, रात्री राखण, असं सगळं दोन-तीन माणसांवर पडतं तेव्हा चांगला मास्तरही थकतो. शहरात ज्याच्यावर ठपका आला त्याला शिक्षा म्हणून आपल्याकडे पाठवतात. आपली गावं म्हणजे शिक्षेची जागा, असं समजणाऱ्या कार्यालयाशी आपलं भांडण आहे. जो मास्तर पोर शोधत पाड्यावर येतो, त्याला आपण सांगितलं पाहिजे की तुझा निकाल ४० टक्के लागला तरी आम्हाला तुझी किंमत माहीत आहे. आणि त्याची बदली झाली तर मोर्चा काढला पाहिजे.

आता काय करायचं

प्लॉटच्या वेळी काय केलं ते आठवा. १९७८ च्या सरकारी निर्णयाने जुनी वहिवाट कायम करायची ठरली, तेव्हा पुरावा मागितला. आपण दंडाच्या पावत्या शोधल्या, म्हाताऱ्यांच्या साक्षी घेतल्या, कोणाचा प्लॉट कोणत्या नाल्यापासून कोणत्या झाडापर्यंत ते पाड्यापाड्याने लिहून काढलं. सरकारची यादी यायची वाट बघत बसलो नाही.

शाळेचंही तसंच करू. रजिस्टर दाखवायला मुख्याध्यापकांनी नाही म्हटलं तरी अडत नाही. पोरं आपली आहेत, यादी आपल्या घरातच आहे. प्रत्येक पाड्याने बसून लिहायचं: मागच्या पाच-सहा वर्षांत कोणकोणती पोरं पाचवीला गेली, आज कुठे आहेत, कोणत्या इयत्तेतून परत आली, आणि खरं कारण काय. प्रगतिपुस्तक, शाळा सोडल्याचा दाखला असेल तर जोडून ठेवायचा. मुलींची यादी वेगळी करायची, कारण त्यांची कारणं वेगळी आहेत आणि ती बायकांच्या बैठकीतच बोलली जातील. जे पोर भट्टीवर आहे त्याचं नाव आधी.

लिहायला पाड्यातलं शिकलेलं पोर घ्या. आमच्यातले बरेच जण याच शाळांतून बारावीपर्यंत आलो. पाचवीला बाकावर शेजारी बसलेली आमची सोबती पोरं आज गवताच्या वखारीवर आणि रेतीच्या बोटीवर आहेत. ती आमच्यापेक्षा मंद नव्हती. त्यांची नावं आम्हाला पाठ आहेत, यादी तिथून सुरू करायला काही हरकत नाही.

सगळ्या पाड्यांच्या याद्या आल्या की एकत्र करून प्रकल्प अधिकाऱ्यांपुढे ठेवू. मागणी साधी आहे. दरवर्षी शाळेच्या फळ्यावर दोन आकडे लिहा: दहावीला किती पास झाली, आणि त्या पोरांच्या बरोबर पाचवीला किती होती. गणित-विज्ञानाच्या जागा जूनमध्ये भरा. नाव कमी करण्याआधी पाड्यावर येऊन आईबापाला विचारा.

आवणी उरकल्यावर संघटनेची बैठक आहे. येताना आपल्या पाड्याची यादी घेऊन या. पूर्ण झाली नसली तरी चालेल, जेवढी नावं मिळाली तेवढी आणा.